लॉन्ड्री रूममधला स्कोअरर

काकांबद्दल आमच्या मराठी मंडळात दोन मतं होती. एक, माणूस सरकलेला आहे. दुसरं, सरकलेला आहे पण निरुपद्रवी आहे. तिसरं मत माझं होतं. ते कोणी विचारलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सरकलेपणाचा पहिला पुरावा लोक असा द्यायचे की काका गाडी चालवत नाहीत. अमेरिकेत, रेडमंडमध्ये! सॉफ्टवेअरमधला शिकलेला माणूस, आणि भर पावसात बस स्टॉपवर उभा. डोक्याला कानटोपी, आणि कानटोपीवर बेसबॉलची निळी टोपी. कोणी गाडी थांबवून "या, सोडतो" म्हटलं तर आधी विचारायचे, "तुमच्या गाडीत एएम रेडिओ लागतो का जी?" नाही म्हटलं की हात हलवून बसची वाट बघायचे.

दुसरा पुरावा याहून भारी. माणूस नागपूरचा, आणि क्रिकेट बघत नाही. क्रिकेटचा विषय निघाला की पंगतीत वाढायला आलेल्याला सांगावं तसं सांगायचे, "नको. माझं झालं ते." खरं तर कॉलेजात असताना ते क्लबच्या मॅचेसचे स्कोअरर होते. खेळाडू कधीच नव्हते, आणि त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. "खेळणाऱ्याला खेळायचं असतं, बघणाऱ्याला ओरडायचं असतं," ते म्हणायचे. "काय झालं ते कोणी लिहायचं मग?"

इथे आल्यावर त्यांना बेसबॉल सापडला. कारण अगदी साधं होतं. बेसबॉल रोज असतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज मॅच. बाकीचे खेळ आठवड्यातून एकदा तोंड दाखवतात. बायको आणि मुलगा नागपुरात, आपण इथे, ऑफिसातून आल्यावर बोलायला भिंत. अशा माणसाला रोजचं काहीतरी लागतं. मंडळातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात हे आलं नाही. त्यांना वाटलं, खूळ आहे.

मला काका भेटले ते आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सच्या लॉन्ड्री रूममध्ये. दोन हजार एकचा उन्हाळा होता. आम्हाला पुण्याहून येऊन महिना झाला होता. मी अकरा वर्षांची, मराठी शाळेतली पाचवी झालेली. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला गेलं की तोंडातून काही निघायचं नाही. इथली शाळा मला पुन्हा पाचवीतच घेणार होती, ती उघडायला अवकाश होता आणि ओळखीचं मूल एकही नव्हतं. आईनं नाणी देऊन मला खाली कपडे धुवायला पाठवलं होतं. मी दारातून वर ओरडून विचारलं, "आई, किती नाणी टाकायची?" आणि आतून आवाज आला, "सहा. आणि आत ये, मोजायला बस."

प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. ड्रायरवर छोटा रेडिओ, त्याच्या अँटेनाला चांदीचा कागद गुंडाळलेला. मांडीवर लांब वही, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल.

"काय मोजायचं?"

"बॉल आणि स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बॅटवाला घरी. चार बॉल झाले की फुकटात पुढे. बस, बाकी नंतर. मी कपडे काढून येतो, माझं मशीन थांबलं."

रेडिओवरचा माणूस तोंडात गरम बटाटा असल्यासारखा बोलत होता. मी कान टवकारून बसले. काका कपड्यांचा गठ्ठा घेऊन आले. "किती?"

"दोन बॉल, एक स्ट्राइक."

त्यांनी रेडिओ ऐकला, मान डोलावली. "बरोबर आहे, पोट्टे."

हे एवढंसं का लिहिते? कारण महिनाभरात या देशात मला कोणी काही विचारलं होतं आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं, असं पहिल्यांदाच झालं होतं. तेव्हापासून आमच्या घरचे कपडे भलतेच स्वच्छ राहायला लागले. आई म्हणायची, "अगं, काल तर धुतले!"

काकांची वही हा मोठा प्रकार होता. बेसबॉलच्या प्रत्येक फील्डरला नंबर असतो. सहा नंबरनं उचलला, चारकडे फेकला, चारनं तीनकडे, दोन माणसं आउट. काका मराठी आकड्यांत लिहायचे: ६-४-३. तीन स्ट्राइकवर कोणी आउट झाला की इथले लोक इंग्रजी के लिहितात. काका लिहायचे क. आणि शेवटच्या स्ट्राइकला बॅट हलवलीच नाही, नुसता उभा राहून बघत बसला, तर उलटा क. आरशात दिसतो तसा. तो काढताना ते पेन्सिल जरा जोरात दाबायचे. "आउट होण्याचं काही नाही," ते म्हणायचे, "माणूस आउट होतो. पण उभ्या उभ्या?"

ही वही एकदा त्यांच्या अंगाशी आली. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतर इथे सावळ्या माणसाकडे लोक दुसऱ्यांदा वळून बघायला लागले होते. एक दाढी वाढलेला परदेशी माणूस तासन् तास लॉन्ड्री रूममध्ये रेडिओ लावून बसतो आणि कोणत्या तरी लिपीत आकडे लिहितो, अशी कॉम्प्लेक्समधल्याच कोणी तरी तक्रार केली. पोलीस आला. मी वॉशिंग मशीनवर पाय हलवत बसले होते. ते हलायचे थांबले.

"हे काय आहे?" पोलिसानं वही मागितली.

"बेसबॉल आहे, साहेब."

"ही भाषा?"

"मराठी."

पोलीस पानं उलटत राहिला. लिपी परकी, पण स्कोअरचे चौकोन त्याच्या ओळखीचे होते. मग एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "मंगळवारची मॅच ना ही? ही तुम्ही हिट धरली आहे. मी होतो तिथे. एरर होती ती. फील्डरच्या हातातून बॉल सुटला."

काकांनी घसा खाकरला. "माफ करा साहेब. हिटच होती."

पोलीस हसला, वही परत दिली आणि गेला. हा किस्सा मंडळात दर दिवाळीला सांगतात. पोलिसालाही ऐकला नाही पठ्ठ्या! लोक हसून लोटपोट. मी तिथे होते, म्हणून उरलेला भाग मी सांगते. "हिटच होती" म्हणताना काकांच्या हातातून पेन्सिल दोनदा पडली. पोलीस गेल्यावर ते वाळलेले कपडे घड्या न घालताच पिशवीत कोंबून निघून गेले, आणि ज्यानं तक्रार केली त्याचं नाव आम्हाला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भीत भीत खाली गेले. काका त्याच खुर्चीत होते. दाढी केलेली होती. "किती उशीर," म्हणाले, "दुसरी इनिंग चालू आहे."

काका एका कन्सल्टन्सीत होते. तिचे मालक मराठीच. मंडळाच्या गणपतीचे मोठे देणगीदार. त्यांना सगळे 'सर' म्हणत, काकाही म्हणत. सर स्टेजवरून उतरता उतरता सगळ्यांदेखत विचारायचे, "काय हो, तुमच्या गिल्ली-दांडूचा काय स्कोअर?"

"आपण हरून राहिलो, सर."

"आपण? आपण कोण?"

लोक हसायचे. काका शांतपणे सांगायचे, "आपण म्हणजे आपणच."

आणि खरंच, आपण हरून राहिलो होतो. मी आले त्या वर्षी आमची सिॲटलची टीम वेड्यासारखी जिंकत होती. मला वाटलं हे असंच असतं. पुढे दोन-तीन वर्षांत उतरती कळा लागली ती लागलीच. शाळेतल्या मुलांनी टोप्या बदलल्या. काकांनी कानटोपी बदलली, वरची निळी तीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या बुधवारी दुपारची मॅच असली की काका रजा काढून मला स्टेडियमला न्यायचे. बसनं, तळ्यावरच्या पुलावरून, सिॲटलला. डब्यात चिवडा आणि बारीक चिरलेला कांदा वेगळा. कांदा कालवायचा तो सातव्या इनिंगला, आधी नाही. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे प्रेक्षक हातपाय मोकळे करायला उठतात, डुलत डुलत गाणं म्हणतात. काका उठून सावधान उभे राहायचे. हात मांडीला चिकटलेले. मी एकदा म्हटलं, "काका, हे राष्ट्रगीत नाहीये."

"माहीत आहे. पण सगळे उभे आहेत ना?"

एक बुधवार विसरता येत नाही. मी चौदा वर्षांची होते. माझी एकुलती एक मैत्रीण, शेजारच्या ब्लॉकमधली, तिच्या वडिलांची नोकरी बदलली म्हणून आदल्या दिवशी टेक्सासला, प्लेनोला निघून गेली होती. मी कोणाला काही बोलले नव्हते. मॅच तर अगदीच वाईट चालली होती. नऊ-एक. आठव्या इनिंगला आमच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मी म्हटलं, "काका, चला ना. हरलोच आहोत."

"शेवटचा आउट व्हायचा आहे."

"त्यानं काय फरक पडतो?"

"हरणाऱ्याचाही शेवटचा आउट लिहावा लागतो. नाही लिहिला तर मॅच झालीच नाही."

बसलो. आमचा शेवटचा बॅटर आला आणि बॅट न हलवता गेला. काकांनी उलटा क काढला, तारीख घातली, वही बंद केली, पेन्सिली कानांवर चढवल्या. मग समोरच्या रिकाम्या मैदानाकडे बघत म्हणाले, "आता रड. सकाळपासून थांबवून राहिली आहेस, बसमध्ये बसल्यापासून. इथे कोणी नाही."

मी रडले. ते चिवड्याचा डबा पुसत बसले.

या माणसाला लोक निरुपद्रवी म्हणायचे. मला हा शब्द शिवीसारखा वाटतो.

आता मुलाबद्दल. काका आले तेव्हा त्यांचा मुलगा पाच वर्षांचा होता. काकू नागपुरात बँकेत होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलं तर इथे बायकोला नोकरी करता येत नाही. घरात बसा. माझी आई बसलीच होती, तिचं काय झालं ते मी बघत होते. काकू शहाण्या. त्यांनी सांगितलं, ग्रीन कार्ड येऊ दे, दुसऱ्या दिवशी राजीनामा देते. काकांनी म्हटलं, ठीक. मग वाट बघणं सुरू झालं.

काकांचा एक सिद्धांत होता. "पोट्ट्याला दहा वर्षांच्या आत आणलं पाहिजे. दहानंतर हा खेळ अंगात शिरत नाही." त्या लांब वह्या त्याच्यासाठीच होत्या. आला की पहिल्या पानापासून वाचेल. मधल्या काळात बाप रोज संध्याकाळी काय करत होता ते त्याला कळेल. दोन हजार चारच्या थंडीत ते तीन आठवडे नागपूरला जाऊन आले. मुलासाठी चामड्याचा बेसबॉलचा ग्लव्ह नेला. परत आल्यावर मी विचारलं, "आवडला त्याला?"

"आवडला. पण ज्या हातानं फेकायचं त्याच हातात घालून घेतला."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"तो इतका खूश होता," काका म्हणाले, आणि रेडिओचा काटा फिरवायला लागले. सीझन सुरू व्हायला तीन महिने होते. रेडिओवर फक्त खरखर होती.

मुलगा दहाचा झाला तेव्हा काका म्हणाले, "दहा म्हणजे काय, अकरापर्यंत चालते." अकराचा झाला तेव्हा म्हणाले, काही काही मुलं उशिराही शिकतात. मी पंधरा-सोळाची शहाणी, मी म्हणायचे, "काका, तुमचा नियम रबराचा आहे." ते हसायचे. मी असं म्हणायला नको होतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ग्रीन कार्डाचं शेवटचं दार थोडे दिवस उघडलं. कॉम्प्लेक्समधल्या प्रत्येक देशी घरात नुसती धावपळ. फोटो काढा, रक्त तपासा, कागद भरा. काकांचाही अर्ज गेला. कामाचं परवानगीपत्र आलं. सरांच्या कंपनीनं लगेच हिशेब केला की आता परवानगीपत्र आहे, तर जुना व्हिसा वाढवायचा खर्च कशाला. नाही वाढवला. काकांच्या पायाखाली आता तो एक अर्ज होता, दुसरं काहीच नाही. दहा बोटांचे ठसे द्यायचं बोलावणं तेवढं यायचं होतं. काकूंनी बँकेत राजीनाम्याबद्दल विचारून ठेवलं.

आणि मग लॉन्ड्री रूममध्ये नवीन ड्रायर आले.

ते चालू झाले की रेडिओवर नुसतं घूं घूं. दोन हजार आठचा एप्रिल, सीझनचा पहिला आठवडा, आणि काकांना मॅच ऐकू येईना. त्यांचं घर तळमजल्यावर, झाडांच्या मागे. तिथे तर कधीच स्टेशन लागलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एकदम क्लिअर लागतं. समोरचं घर रिकामं आहे. शिफ्ट व्हा ना!"

काका शिफ्ट झाले. त्याच कॉम्प्लेक्समध्ये, शंभर पावलांवर. खोकी मी उचलली. काकांनी पोस्टात जाऊन पत्ता बदलल्याचा फॉर्म व्यवस्थित भरला, आणि दोन दिवसांत त्यांचं टपाल नव्या पेटीत यायला लागलं. पिझ्झाची कुपनं आली. दुकानांची पत्रकं आली. टीमचं वेळापत्रक आलं. सगळं आलं. माणसाला वाटणारच की पत्ता बदलला.

इमिग्रेशनचा लिफाफा पोस्ट पुढे पाठवत नाही. नवीन पत्त्यावर न्यायचा नाही, परत करायचा, असा नियम. इमिग्रेशनला वेगळा फॉर्म भरून कळवावं लागतं. आम्हा कोणालाच हे माहीत नव्हतं. पिझ्झावाल्याला काका सापडले, सरकारला सापडले नाहीत, शंभर पावलांवर. ठशांची तारीख येऊन गेली.

कंपनीच्या वकिलाकडे त्या पत्राची प्रत गेली होती. तिथे ती फाइलला लावली. फाइलला लावणं त्यांचं काम. फोन करणं नव्हे. ऑगस्टमध्ये नकार आला तेव्हा मात्र वकिलाच्या ऑफिसला काकांचा नंबर बरोबर सापडला. पत्रात लिहिलं होतं की अर्जदारानं अर्ज सोडून दिला आहे असं समजण्यात येत आहे. सोडून दिला! सात वर्षं ज्यानं वाट बघितली, मुलाच्या वयाची मर्यादा स्वतःच्या हातानं सरकवली, त्यानं सोडून दिला.

मी काकांच्या दारात उभी राहिले. "काका, माझ्यामुळे झालं. शिफ्ट व्हा असं मी म्हटलं."

ते मॅच लिहीत होते. शेवटचा आउट लिहून झाल्यावर म्हणाले, "पोट्टे, एरर कोणाला देतात? पळत जाऊन जो बॉलला हात लावतो आणि सोडतो त्याला. तू कुठे हात लावला? फॉर्म मी भरला, चुकीचा भरला. माझी आहे."

"आणि जे जागचे हललेच नाहीत त्यांना? वकील? तुमचे सर?"

"हात नाही लागला तर एरर नाही."

"नियम सडका आहे."

"आहे," काका म्हणाले. "मी फक्त लिहितो."

मला नुसतं लिहिता येत नव्हतं. अर्ज परत उघडून मागता येतो, त्याला थोडे दिवस असतात. पण वकील कंपनीचा. सर म्हणतील तर हलणार. सरांचा निरोप आला की मार्केट वाईट आहे, बघू. बघू म्हणजे काय ते काकांना कळलं, त्यांनी तिकीट काढलं. मी शाळेच्या कॉम्प्युटरवर एका पानाचं निवेदन टाइप केलं. वर इंग्रजी, खाली मराठी. कंपनीनं अर्ज परत उघडायला वकील द्यावा. तोवर काकांच्या व्हिसाची व्यवस्था करावी. एका मुलाची आणि बापाची ताटातूट थांबवावी. हे शेवटचं वाक्य मी जाड अक्षरात केलं होतं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक.

मंडळाच्या गणपतीला, जेवणाच्या रांगेत, मी ते घेऊन फिरले. माणसं वाचायची, चेहरा पाडायची. "किती छान लिहिलंस गं." पेन पुढे केलं की हात मागे. "आमची पण ग्रीन कार्डाची फाइल सरांकडे आहे ना." "मुलांचं कॉलेज आहे." "सर काय म्हणतील?" एका काकूंनी तर सही करायला पेन घेतलं, आणि नवऱ्यानं मागून नुसतं नाव घेतल्यावर ठेवलं. मी बाबांकडे गेले. माझे स्वतःचे बाबा. त्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती.

"बाबा, तुम्ही तरी."

"बेटा, आपली पण फाइल आहे."

शेवटी सरांनीच माझ्या हातातून कागद घेतला आणि पूर्ण वाचला. "इंग्लिश चांगलं आहे तुझं," म्हणाले. "कोणत्या कॉलेजला अप्लाय करते आहेस?"

काका बॅगा भरत होते. मी आत शिरल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "किती?"

"एक."

"कोणाची?"

"माझी."

त्यांनी कागद नीट वाचला. दोनदा. मी म्हटलं, "सगळ्यांना उलटा क द्यायला पाहिजे. उभ्या उभ्या बघत बसले."

"नाही. ज्याच्या हातात बॅट असते त्याला उलटा क. यांच्या हातात काय आहे?"

"सरांच्या हातात होती!"

काका हळूच म्हणाले, "हं. त्यांना दे." निवेदन त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

विमानतळावर बाबांनी सोडलं. सामान उतरवल्यावर बाबा काकांना मिठी मारायला गेले आणि मध्येच थांबले, मग दोघांनी हात मिळवले. काका मला म्हणाले, "सीझनचे दहा-बारा दिवस बाकी आहेत. मोजत राहा." आणि आत गेले. ऐकलेल्या सगळ्या मॅचेस, त्या लांब वह्या, पिशवीत घालून बगलेत धरलेल्या.

मी मोजल्या. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी, एकटी. त्या वर्षी आमच्याइतकं वाईट क्वचितच कोणी हरलं असेल. "किती?" असं कोणी विचारत नव्हतं, तरी मी प्रत्येक इनिंगनंतर मोठ्यानं सांगायचे. आईनं एकदा दार ढकलून बघितलं आणि पुन्हा ओढून घेतलं.

दिवाळीत मी नागपूरला फोन लावला. आमची शनिवारची संध्याकाळ, त्यांची रविवारची सकाळ. मुलानं उचलला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. फुटायला लागलेला, मधेच जाड, मधेच बारीक.

"तुम्ही त्या अमेरिकेच्या ताई का? बाबांनी तुमचा कागद दाखवला. त्यांना तिथेच ठेवायसाठी सह्या गोळा केल्या होत्या ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो. तुझ्यासाठीच केल्या होत्या. तू इकडे यावास म्हणून."

"अच्छा," तो म्हणाला. मग अगदी सरळ, काही मनात न ठेवता म्हणाला, "बरं झालं ताई, कोणी सही नाही केली."

मी म्हटलं, "बाबांना दे जरा."

"बाबा खाली उभे आहेत, गाडी काढून. आम्ही ग्राउंडवर चाललो," तो म्हणाला. "उशीर होऊन राहिला, ठेवतो हं."

आणि ठेवला.